घेराव-झडतीतली वस्तू: घरातून कोर्टापर्यंत

सप्टेंबर २००५. इराकमधल्या बैजी शहराजवळ खडीच्या ढिगात पुरलेला एक न फुटलेला बॉम्ब अमेरिकी सैनिकांच्या हाती लागला. त्याला जोडलेला होता कॉर्डलेस टेलिफोनचा एक साधा बेस. बॉम्ब निकामी झाल्यावर तो बेस फेकून देता आला असता, पण तसे झाले नाही. कुठे, कधी आणि कशात सापडला हे लिहून तो प्रयोगशाळेच्या साठ्यात गेला. सहा वर्षांनी, २०११ मध्ये, एफबीआयने त्यावरच्या बोटांच्या ठशांवरून 'वाद रमझान अलवान' नावाच्या माणसाला ओळखले. तोवर तो निर्वासित म्हणून अमेरिकेत येऊन केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन शहरात राहत होता. डिसेंबर २०११ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली.

बेस कुठून आला याची नोंद नसती, तर ठसे सापडूनही काही सिद्ध झाले नसते. कोणाचे तरी ठसे कोणत्या तरी फोनवर, एवढेच हातात राहिले असते. लष्करी मोहिमेत घराची, तळाची किंवा जंगलातल्या अड्ड्याची झडती घेताना हीच गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करावी लागते: वस्तूची निम्मी किंमत तिच्या जागेत असते. जागा नोंदण्याआधी वस्तू उचलली की ती निम्मी किंमत गेलीच, आणि ती परत मिळवता येत नाही.

या लेखात भारतातली परिस्थिती धरली आहे. म्हणजे लष्कर आणि पोलिसांनी मिळून केलेला घेराव, झडती आणि जप्ती. जम्मू-काश्मीर आणि ईशान्य भारतात हे काम लष्कर करते. गडचिरोलीत पोलिसांचीच पथके करतात, त्यामुळे तिथे लष्कराकडून पोलिसांकडे हस्तांतर करण्याची पायरी येत नाही. बाकीची रीत तीच.

## कायदा आधी, कारण कागद त्यावर उभा राहतो

'अशांत क्षेत्रात लष्कराला वॉरंट लागत नाही, मग पंचनाम्याची कटकट कशाला?' असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो चुकीचा आहे. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याने वॉरंटविना झडतीचा अधिकार दिला आहे, हे खरे. पण २७ नोव्हेंबर १९९७ च्या नागा पीपल्स मूव्हमेंट ऑफ ह्यूमन राइट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितले, की अशी झडती आणि जप्ती करताना फौजदारी प्रक्रिया संहितेतले झडतीचे नियम पाळावे लागतील. जप्त केलेला माल, ती झडती का घ्यावी लागली याच्या अहवालासह, जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडे सोपवावा लागेल, असेही त्यात आहे. लष्कराने स्वतःच्या जवानांसाठी काढलेली 'काय करावे, काय करू नये' ही यादीही न्यायालयाने बंधनकारक ठरवली. जम्मू-काश्मीरच्या १९९० च्या कायद्यात तर माल कमीत कमी विलंबाने पोलिसांकडे द्यावा, असे कलम ६ मध्येच लिहिले आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०३ प्रमाणे त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे आणि जप्तीच्या यादीची प्रत त्याला द्यायची. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्‌-श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. यादी करणे आणि तिच्यावर पंचांच्या सह्या होणे हेही त्या चित्रीकरणात दिसले पाहिजे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते.

गोळीबार चालू असलेल्या गल्लीत पंच कुठून आणणार? आणायचेच नाहीत. घर ताब्यात आल्यावर, ते सुरक्षित झाल्यावर आणायचे. तरीही कोणी तयार झाले नाही, तर कोणाला विचारले, किती वाजता विचारले आणि नकार का मिळाला हे लिहायचे. खोट्या पंचापेक्षा प्रामाणिकपणे लिहिलेला नकार कोर्टात जास्त टिकतो. एकच 'नेहमीचा' पंच चार वेगवेगळ्या गावांच्या पंचनाम्यांवर सापडला, तर उलटतपासणीत चारही प्रकरणे डळमळतात.

## निघण्यापूर्वी

चार खोल्यांच्या घरासाठी आत आठपेक्षा जास्त माणसे नकोत. जितके पाय जास्त, तितकी धूळधाण जास्त. बाहेरचा घेराव आणि सुरक्षा वेगळी. आत असे लोक लागतात: पथकप्रमुख, बॉम्बशोधक-नाशक पथकाचे दोघे, झडती घेणारी एक जोडी, छायाचित्रकार, लेखनिक आणि मुद्देमाल सांभाळणारा एक जण. पोलीस प्रतिनिधी आणि महिला पोलीस दाराशी तयार असाव्यात. महिलांची अंगझडती महिला पोलिसाशिवाय घ्यायची नाही. घरातल्या बायकांना बसवायची जागाही आधी ठरवून ठेवा, नाहीतर अर्धा वेळ त्याच गोंधळात जातो.

मुद्देमाल सांभाळणारा एकच असतो आणि तो झडती घेत नाही. सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच्याच हातात जाते. पिशवीत तोच घालतो आणि सीलही तोच करतो. पुढे साक्षीला 'ही वस्तू मी घेतली, मी बांधली, मी दिली' असे एकाच माणसाला सांगता आले पाहिजे. सहा जणांनी सहा खिशांतून वस्तू आणून टेबलावर टाकल्या, की त्या साखळीचे सहा तुकडे झाले म्हणून समजा.

सोबत न्यायचे सामान:

- नायट्राइल हातमोजे, निदान ५० जोड्या
- लहान, मध्यम आणि मोठ्या कागदी पिशव्या, प्रत्येकी २०
- उघडल्यास खूण राहणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या ३०
- पुठ्ठ्याचे खोके ४, प्लास्टिकच्या बांधपट्ट्या, सीलचा टेप, लाख आणि मोहर
- निर्जंतुक कापसाच्या काड्या ४०, डिस्टिल्ड वॉटर
- नेटवर्क अडवणाऱ्या फॅरेडे पिशव्या ६, पॉवरबँक २, चार्जिंगच्या वायरी
- दोन कॅमेरे, रिकामी मेमरी कार्डे, जादा बॅटऱ्या, एल आकाराची मोजपट्टी, ३० मीटरचा टेप
- आकड्यांची कार्डे १ ते ५०, खडू, हेडलॅम्प, तीन प्रतींचे नोंदीचे फॉर्म

निघण्यापूर्वी सगळ्यांची घड्याळे आणि दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ एकाच घड्याळाशी जुळवा. हे सगळ्यात क्षुल्लक वाटते आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. फोटोत १४:२० आणि पंचनाम्यात १४:०५ असे निघाले, की बचाव पक्षाच्या वकिलाला तेवढे पंधरा मिनिटांचे भगदाड पुरते.

वेळेचा हिशेबही आधीच करा. शांतपणे झडती घ्यायची तर चार खोल्यांना दोन-तीन तास सहज लागतात. पण जमाव जमू लागला किंवा उजेड संपत आला तर पंधरा मिनिटांत काय उचलायचे, त्याचा क्रम निघतानाच ठरलेला हवा. २ मे २०११ रोजी अबोटाबादमधल्या ओसामा बिन लादेनच्या घरावर झालेल्या कारवाईत अमेरिकी पथकाला जमिनीवर जेमतेम ४० मिनिटे मिळाली आणि तरी त्यांनी तिथून संगणक, हार्ड डिस्क आणि कागदपत्रे उचलली. त्यातल्या सुमारे ४ लाख ७० हजार फाइली सीआयएने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. घाईतला क्रम साधारण असा: आधी फोन आणि साठवणुकीची साधने, मग हाताने लिहिलेले कागद, मग ओळखपत्रे, मग दळणवळणाचे संच. शस्त्रे जड असतात आणि बहुतेकदा सगळ्यात कमी बोलतात. ती मागे सोडायची नाहीत, पण फोन विसरून रायफल उचलणे हा तोट्याचा सौदा आहे.

## आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटे

बॉम्बशोधक पथक 'मोकळे' म्हणेपर्यंत कोणीही दिव्याचे बटण दाबायचे नाही. कपाट उघडायचे नाही, गादी उचलायची नाही, नळही सोडायचा नाही. उचलण्याचा मोह होईल अशीच वस्तू सापळ्याला अडकवलेली असते. जंगलात पुरलेल्या साठ्याचेही तेच. वरचा ड्रम निरुपद्रवी दिसतो आणि त्याच्या बुडाला तार असते. गडचिरोलीच्या जंगलात असा डंप उकरताना सगळ्यात आधी बीडीडीएसला, म्हणजे बॉम्बशोधक-नाशक पथकाला, पुढे करतात ते याचसाठी.

मोकळे झाल्यावर आधी कॅमेरा, मग हात. पहिला फोटो पाटीचा. तिच्यावर तारीख, वेळ, ठिकाण, जीपीएस अक्षांश-रेखांश, पथक आणि फोटो काढणाऱ्याचे नाव. मग घर बाहेरून चारही बाजूंनी. मग प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, आणि छत व जमीन. हा क्रम संपेपर्यंत काहीही हलवायचे नाही. एकही फोटो पुसायचा नाही, बिघडलेला किंवा काळा आलेलासुद्धा. कॅमेरा फोटोंना ओळीने आकडे देतो. मधला आकडा गायब असला की 'काय पुसले?' या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

त्याच वेळी लेखनिक कच्चा नकाशा काढतो. दारातून आत येताच डावीकडची खोली पहिली, आणि पुढे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. प्रत्येक खोलीत दाराची भिंत १, मग पुन्हा घड्याळाच्या दिशेने २, ३, ४. यातून प्रत्येक वस्तूला पत्ता मिळतो: 'खो-२ / भिं-३ / क्र. १४' म्हणजे दुसऱ्या खोलीत तिसऱ्या भिंतीपाशी सापडलेली चौदावी वस्तू. दोन स्थिर बिंदूंपासूनचे अंतर टेपने मोजून लिहा. 'पलंगाजवळ' हे अंतर नव्हे. 'खिडकीच्या डाव्या चौकटीपासून १ मीटर १० सेंटिमीटर, भिंतीपासून ४० सेंटिमीटर' हे अंतर.

## झडती: एक हात शोधतो, एक हात लिहितो

जोडीने भिंतीभिंतीने जायचे. पहिल्या फेरीत गुडघ्याच्या उंचीपर्यंत, दुसऱ्या फेरीत खांद्यापर्यंत, तिसऱ्या फेरीत छतापर्यंत. मधला भाग शेवटी. खोली संपली की जोडीतल्या दोघांनी भिंतींची अदलाबदल करून तीच खोली पुन्हा पाहावी, कारण थकलेला डोळा पिठाच्या डब्यात हात घालत नाही. धान्याच्या कणग्या, पाण्याची टाकी, चुलीमागची सैल वीट, शिवलेली उशी, गॅस सिलिंडरचे बूड, फ्रिजच्या दाराचे रबर, पुस्तकांचे कणे आणि कॅलेंडरची मागची बाजू ही ठिकाणे विसरायची नाहीत. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले फोन नंबर उचलता येत नाहीत. त्यांचे समोरून, मोजपट्टी लावून फोटो घ्या आणि आकडे मोठ्याने वाचून कॅमेऱ्यात बोला.

वस्तू सापडली की हात लावण्यापूर्वी तीन फोटो घ्या. एक लांबून, खोली दिसेल असा. दुसरा मध्यम अंतरावरून, शेजारच्या वस्तूंसह. तिसरा जवळून, आकड्याचे कार्ड आणि मोजपट्टी ठेवून. जवळचा फोटो एकदा मोजपट्टीशिवायही घ्या, म्हणजे मोजपट्टीखाली काही झाकले गेल्याचा आक्षेप निघणार नाही. मग नोंद करा, आणि नोंद झाल्यावरच वस्तू उचला. प्रत्येक वस्तूला नवे हातमोजे. हे ऐकायला उधळपट्टी वाटते, पण एका रायफलीवरचा घाम त्याच मोज्याने फोनवर नेला, तर एकाचा डीएनए दुसऱ्याच्या फोनवर 'सापडतो' आणि निरपराध माणूस अडकू शकतो.

आता उदाहरण म्हणून गादीखाली सापडलेला एक फोन घेऊ. गादी पूर्ण उचलायची नाही. कड थोडी वर करून, फोन जसा पडला आहे तसा फोटो घ्यायचा: पडदा वर की खाली, कॅमेरा डोक्याकडे की पायाकडे. पडदा उजळलेला असेल तर त्यावरचे सगळे वाचता येईल असा फोटो आधी. फोनमधली वेळ आणि आपल्या घड्याळातली वेळ शेजारी शेजारी लिहायची, कारण पुढे प्रत्येक संदेशाची वेळ याच फरकाने दुरुस्त होते. फोन चालू असेल तर चालूच ठेवायचा, बंद असेल तर बंदच. चालू आणि एकदा कुलूप उघडलेल्या फोनमधला बराचसा डेटा प्रयोगशाळेला मिळू शकतो. तोच फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पासवर्डशिवाय त्यातला बहुतेक डेटा कुलपात जातो. म्हणून फॅरेडे पिशवीत घालताना पॉवरबँकही आतच जोडा. नेटवर्क मिळाले नाही की फोन ते शोधत राहतो आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. पिशवी नसेल तर फोन ॲल्युमिनियमच्या जाड फॉइलमध्ये तीन पदरी गुंडाळा आणि एका चाचणी-फोनने तो लागत नाही ना, ते पाहा. आयएमईआयसाठी, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासाठी, फोनवर आकडे दाबत बसू नका. सिमचा ट्रे, फोनची पाठ किंवा खोके यावर तो १५ आकडी क्रमांक असू शकतो, नसेल तर प्रयोगशाळा काढेल. सिम आधीच सुटे पडले असेल, तर त्यावर छापलेला क्रमांक लिहून घ्या. तो ८९ ने सुरू होतो आणि त्यानंतरचे आकडे देशाचा कोड सांगतात: भारताचा ९१, पाकिस्तानचा ९२.

'जरा बघू या काय आहे' म्हणून कोणीही फोन चाळायचा नाही. या एका कृतीने जितके पुरावे बुडतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने बुडत असतील. उघडलेल्या प्रत्येक ॲपने आतली वेळ बदलते आणि ती बदललेली वेळ जप्तीनंतरची असते.

## संगणक, संच आणि कॅमेरे

संगणक बंद असेल तर सुरू करू नका. चालू असेल तर पडद्याचा फोटो घ्या आणि सायबर तज्ज्ञाला बोलवा, कारण डिस्क कुलूपबंद असेल तर किल्ली चालू मेमरीतच असते आणि वीज गेली की तीही जाते. फाइली पुसल्या जाताना डोळ्यांना दिसत असतील, तेवढ्याच वेळी संगणकाच्या पाठीमागची वायर ओढा. मागे पाठवायच्या डिस्कची नक्कल लिहिण्यास मज्जाव करणाऱ्या उपकरणातूनच व्हावी. नक्कल होताच एसएचए-२५६ हॅश काढा. हा ६४ अक्षर-आकड्यांचा ठसा असतो आणि डिस्कवर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण बदलतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. या प्रमाणपत्राचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पुन्हा ठामपणे सांगितला. ते प्रकरण जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचे होते, पण त्यातला नियम दहशतवादाच्या खटल्यालाही तसाच लागतो.

वायरलेस संच बंद करण्यापूर्वी त्यावरची फ्रिक्वेन्सी आणि चॅनेल लिहा. संच एखाद्या फोनला जोडलेला असेल, तर दोन्ही वेगळे बांधा, पण दोन्हींच्या लेबलवर एकमेकांचे क्रमांक टाका. जोडी तुटली की अर्थ तुटतो. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर काही दिवसांनी स्वतःवरच पुन्हा लिहितो, म्हणून तो त्याच दिवशी हलवायचा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हेच दिसले. 'कुबेर' ट्रॉलरवर सापडलेला सॅटेलाइट फोन आणि जीपीएस, बोटीतल्या पाकिस्तानी बनावटीच्या घरगुती वस्तू, बधवार पार्कजवळ सोडलेल्या रबरी बोटीचे यामाहा इंजिन: एकेक वस्तू एकटी मुकी होती. कुठे सापडली याच्या नोंदीसह एकत्र मांडल्यावर त्यांनी कराचीपासून मुंबईपर्यंतचा समुद्रमार्ग कोर्टासमोर उभा केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या वस्तूंची सविस्तर चर्चा केली आहे.

## कागद

कागद क्रमाने लावायचे नाहीत, वर्गवारी करायची नाही, टाचणी किंवा स्टेपल मारायचे नाही. ज्या डब्यात, ज्या क्रमाने होते, तसेच एका पाकिटात घालायचे. लेबल आधी लिहा, कागद नंतर आत घाला. कागद आत असताना वरून बॉलपेनने लिहिले की लेबलच्या अक्षरांचा दाब आतल्या कागदावर उमटतो. कोऱ्या वहीच्या वरच्या पानावर फाडलेल्या मागच्या पानाचा दाब असतो. तिरप्या प्रकाशात तो दिसतो आणि प्रयोगशाळेत वाचता येतो, म्हणून त्या वहीवर काहीच ठेवायचे नाही.

ओले कागद सोडवू नका. गठ्ठा तसाच ठेवा आणि गोठवता आला तर गोठवा. जळके कागद कापसाच्या थरावर, कडक खोक्यात ठेवा आणि ते खोके कोणीतरी हातात धरूनच न्यावे. एटीएम आणि दुकानांच्या थर्मल पावत्या उष्णतेने काळ्या पडतात, त्यांचा फोटो जागेवरच घ्या. ऑक्टोबर २००७ मध्ये इराकमधल्या सिंजारजवळ हाती आलेल्या कागदांत अल-कायदात भरती झालेल्या परदेशी तरुणांच्या शेकडो नोंदी होत्या: नाव, गाव, कोणत्या मार्गाने आला. भरतीच्या साध्या फॉर्मांतून अख्खे जाळे दिसले. कंटाळवाणा कागद टाकून द्यायचा नाही.

## शस्त्रे, स्फोटके, चिकटपट्टी

रायफल आधी फोटोत: मॅगझिन लागलेले की सुटे, सेफ्टीचा लिव्हर कुठे. एके-४७ मध्ये वर म्हणजे सेफ, मध्ये ऑटो, तळाशी सिंगल. मग जाणकाराने रिकामी करायची. चेंबरमधली गोळी वेगळ्या पाकिटात, मॅगझिन वेगळे, मॅगझिनमधल्या गोळ्या बाहेर काढायच्या नाहीत, कारण त्यांवर भरणाऱ्याचे ठसे असू शकतात. शस्त्र धरताना खरबरीत भागच धरा. नळीत पेन्सिल किंवा काठी घालून उचलायचे नाही, त्याने आतले ओरखडे बिघडतात आणि कोणती गोळी या नळीतून गेली हे सांगणे अवघड होते. शस्त्र खोक्याला बांधपट्ट्यांनी असे बांधा की त्याचे पृष्ठभाग पुठ्ठ्यावर घासणार नाहीत.

गोळी झाडल्यावर हातावर राहणाऱ्या बारूद अवशेषाचा नमुना कापसाच्या काडीवर घेणाऱ्या माणसाने नुकताच स्वतः गोळीबार केलेला नसावा. हा नियम बरेचदा मोडला जातो. ज्याच्या हाताला बारूद आहे, त्याने काडी धरली की तपासणीचा निकाल त्याच्याच हाताचा येतो. प्रत्येक संचाबरोबर एक कोरी, नुसती ओली करून बंद केलेली काडी पाठवा, तुलनेसाठी.

स्फोटकांचे नमुने फक्त बीडीडीएसने घ्यायचे. डिटोनेटर आणि स्फोटक एका गाडीत न्यायचे नाहीत. साठा धोकादायक असल्याने जागेवरच नष्ट करावा लागला, तर आधी चित्रीकरण, नमुने आणि पंचनामा, मगच नाश. बॉम्बभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी मिळाली तर ती सोनेच समजा. चिकट बाजूला ठसे, केस, धागे वर्षानुवर्षे टिकतात, आणि फाडलेले टोक घरात सापडलेल्या रिळाच्या टोकाशी जुळू शकते. पट्टी उलगडू नका, टोके कापू नका. तशीच खोक्यात.

रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत घालायचे. प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडतो, बुरशी येते आणि डीएनए नासतो. बंदिस्त पिशव्या कोरड्या वस्तूंनाच.

## माणसे आणि पैसे

ताब्यात घेतलेल्याच्या खिशातले सगळे त्याच्या नावाच्या वेगळ्या पाकिटात. दोन माणसांच्या खिशांतली सामग्री एका ताटात टाकायची नाही. मृतांच्या हातांवर कागदी पिशव्या बांधायच्या, कारण बारूद अवशेष घासले गेले की जातात. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात पोलीस चकमकींच्या तपासासाठी जी पद्धत घालून दिली, तिच्यात मृताचे ठसे, रक्ताळलेली माती, केस, धागे, गोळ्या आणि पुंगळ्या जपण्याचे सांगितले आहे. लष्करी पथकानेही तोच दर्जा धरावा. आपला जवान निर्दोष आहे हे सिद्ध करणारा पुरावाही त्याच मातीत असतो.

रोख रक्कम कॅमेऱ्यासमोर, पंचांच्या आणि घरमालकाच्या डोळ्यांदेखत मोजायची. मूल्यवार नोटांची संख्या लिहायची आणि शक्य तितके नोटांचे क्रमांकही. आंतरराष्ट्रीय युद्धात युद्धकैद्याच्या बाबतीत तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम १८ लागू होते. त्याची वैयक्तिक वस्तू त्याच्याकडेच राहते. पैसे काढून घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या आदेशाने, रजिस्टरात नोंदून आणि तपशीलवार पावती देऊन.

## सील, सही, हस्तांतर

प्रत्येक पिशवीवर: पत्ता क्रमांक, वर्णन, तारीख-वेळ, सापडवणाऱ्याचे आणि बांधणाऱ्याचे नाव. सीलच्या टेपवरून आरपार सही, म्हणजे टेप हलला की सही तुटेल. वर्णनात निष्कर्ष लिहू नका. 'पांढरी पूड, वजन २१० ग्रॅम' लिहा, 'आरडीएक्स' नको. 'पिवळ्या रंगाचा धातू' लिहा, 'सोने' नको. प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा आला तर पंचनामाच खोटा ठरतो.

हस्तांतराच्या फॉर्मवर प्रत्येक हाताची नोंद: कोणी दिले, कोणी घेतले, किती वाजता, सील शाबूत होते का. रात्र तळावर काढावी लागली तर तेही लिहा, कोणत्या खोलीत, किल्ली कोणाकडे. यूएपीएच्या (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या) कलम ४३-ब मध्ये माल अनावश्यक विलंब न करता पुढे पाठवायचा आहे. विलंब झालाच, तर वाट बर्फाने बंद होती की गाडीवर गोळीबार झाला, कारण त्याच दिवशीच्या नोंदीत हवे. महिन्यानंतर आठवून लिहिलेले कारण वाचताना लगेच ओळखू येते.

गुप्तवार्ता शाखेला माहिती आज रात्रीच हवी असते आणि कोर्टाला वस्तू पाच वर्षांनी अस्पर्श हवी असते. हे भांडण सोडवण्याचा मार्ग एकच: विश्लेषणाला फोटो आणि नक्कल, मूळ वस्तू सीलमध्ये. फोनमधली माहिती तातडीची असेल, तर सायबर तज्ज्ञानेच, पोलीस अधिकाऱ्यासमोर, प्रत्येक पायरी चित्रित करत काढावी आणि पुन्हा सील करावे. सील किती वाजता तुटले आणि किती वाजता लागले, ते फॉर्मवर यावे. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये लष्कराने गोळा केलेली माहिती फौजदारी न्यायालयात टिकावी यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचाही भर याच साखळीवर आहे.

घर सोडताना पुन्हा चारही कोपऱ्यांतून फोटो. मोडलेले कुलूप, फाडलेली गादी, फुटलेली काच पंचनाम्यात लिहा. घरमालकाला जप्तीच्या यादीची प्रत द्या आणि प्रत मिळाल्याची सही घ्या. तळावर पोचल्यावर चोवीस तासांच्या आत पथकातल्या प्रत्येकाने वेगळे बसून, एकमेकांना न विचारता, आपली नोंद लिहावी. मूळ मेमरी कार्डे पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका. तीही क्रमांक देऊन सील करा आणि हस्तांतराच्या त्याच फॉर्मवर चढवा.